मिनिस्ट्रीचा ‘रिओ ग्रांदे ब्लड’ कसा ऐकावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा अल्बम कोणाचा, कधीचा?

मिनिस्ट्री हा शिकागोचा बँड, १९८१ पासूनचा, पुढे इंडस्ट्रियल मेटलसाठी ओळखला गेलेला. माणसं येत-जात राहिली, पण अल युर्गेन्सन कायम राहिला. तो १९५८ साली हवानात जन्मला आणि अमेरिकेत वाढला. बँडचा पहिला अल्बम १९८३ चा. तो गुळगुळीत सिंथ-पॉप (सिंथेसायझरवरचं पॉप) होता आणि युर्गेन्सनने पुढे त्याच्याशी नातंच तोडलं. ‘रिओ ग्रांदे ब्लड’ २ मे २००६ रोजी आला, त्याच्या स्वतःच्या थर्टीन्थ प्लॅनेट या लेबलवर. तो टेक्सासमधल्या एल पासो इथे तयार झाला. शीर्षकातली नदी त्याच शहराला लागून वाहते आणि पलीकडच्या काठावर मेक्सिको सुरू होतो. ज्यांच्यावर हा अल्बम तुटून पडतो ते जॉर्ज डब्ल्यू. बुश राष्ट्राध्यक्ष होण्याआधी याच टेक्सासचे गव्हर्नर होते.

बुश यांच्या कारकिर्दीवर मिनिस्ट्रीने लागोपाठ तीन अल्बम काढले. २००४ चा ‘हाउसेस ऑफ द मोले’, २००६ चा हा, आणि २००७ चा ‘द लास्ट सकर’. तिघांत मधला सर्वांत धारदार आहे असं माझं मत आहे, म्हणून हे पान त्याच्यासाठी.

इंडस्ट्रियल मेटल म्हणजे नेमकं काय? साध्या मेटलमध्ये आणि यात फरक काय?

‘इंडस्ट्रियल’ हे नाव थ्रॉबिंग ग्रिसल या ब्रिटिश गटाने १९७६ मध्ये काढलेल्या इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स या लेबलवरून आलं. त्यांचं संगीत म्हणजे टेपचे तुकडे, यंत्रांचा गोंगाट, ऐकणाऱ्याला मुद्दाम अस्वस्थ करणारे आवाज. पश्चिम बर्लिनमध्ये १९८० पासून आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटन हा गट तर पत्रे, ड्रिल आणि भंगार घेऊनच मंचावर उभा राहायचा. तिथपर्यंत गिटारला फारसं महत्त्व नव्हतं.

शिकागोत वॅक्स ट्रॅक्स हे रेकॉर्डचं दुकान आणि लेबल होतं. त्याच्याभोवती जमलेल्या मंडळींनी हा गोंगाट नाचण्याजोग्या तालावर आणला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस युर्गेन्सन आणि त्याचा तेव्हाचा साथीदार पॉल बार्कर यांनी त्यात थ्रॅश मेटलची, म्हणजे वेगवान, आक्रमक मेटलची, गिटार घातली, आणि इथून आपल्या कामाचा फरक सुरू झाला. साध्या मेटलमध्ये रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा छोटा तुकडा, वाजवणारा हात असतो, तो किंचित पुढेमागे होतो, दमतो. इथे दोन-चार मात्रांचा रिफ सॅम्पलरमध्ये (आवाज पकडून पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रात) पकडून तसाच्या तसा फिरवला जातो, त्यालाच लूप म्हणतात. दहाव्यांदा येतो तेव्हाही त्यात केसाचा फरक नसतो. गायकाचा आवाजसुद्धा डिस्टॉर्शनमधून काढलेला, म्हणजे मुद्दाम फाटका केलेला असतो. माणसाला यंत्राच्या तोंडी दिल्यावर जे ऐकू येईल ते ऐकू यावं, असा हा सगळा खटाटोप असतो.

‘रिओ ग्रांदे ब्लड’मध्ये तराजू थ्रॅशकडे झुकलेला आहे. गिटारवर माइक स्काचा आणि प्राँग या बँडचा टॉमी व्हिक्टर, बासवर किलिंग जोक या बँडचा पॉल रेव्हन. इतके कसलेले वादक असल्यावर लूपच्या जोडीला खरा हातही भरपूर ऐकू येतो. रेव्हन पुढच्याच वर्षी वारला. स्काचा डिसेंबर २०१२ मध्ये फोर्ट वर्थ इथे मंचावर वाजवता वाजवता कोसळला आणि गेला. त्याची गिटार लक्ष देऊन ऐका; ‘सेन्योर पेलिग्रो’मध्ये ती विशेष चमकते.

सुरुवातीला बोलतात ते खरंच बुश आहेत का? असं ते कधी बोलले होते?

आवाज त्यांचाच आहे, वाक्यं त्यांची नाहीत.

शीर्षकगीत सुरू होतं आणि अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष शांतपणे, भाषणाच्या सुरात कबुली देऊ लागतो. आपण किती धोकादायक आहोत, आपल्या हाती किती धोकादायक शस्त्रं आहेत, आपण दहशतीचे डावपेच कसे उचलले आहेत. प्रत्येक शब्द त्यांनी कधी ना कधी उच्चारलेला आहे, मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाबद्दल, शत्रूबद्दल. त्या भाषणांतून शब्द आणि अर्धवाक्यं कापून काढली आणि कर्ता बदलून पुन्हा जोडली. जे सद्दामबद्दल आणि अतिरेक्यांबद्दल म्हटलं गेलं, ते म्हणणाऱ्याच्याच अंगावर आलं.

हा भाग एकदा फक्त सांधे शोधण्यासाठी ऐका. चांगले हेडफोन लावा आणि शब्दांकडे दुर्लक्ष करून शब्दांमागच्या हवेकडे कान द्या. एका शब्दामागे मोठ्या सभागृहाचा घुमारा असतो, पुढचा शब्द कोरडा, माइकला चिकटून बोललेला वाटतो. एका ठिकाणी वाक्याची पट्टी चढत असते आणि जोडलेला पुढचा शब्द खालून सुरू होतो. हे सांधे घासूनपुसून लपवता आले असते. ते उघडे राहू दिले आहेत, म्हणून फसवणूक होत नाही. हे जोडकाम आहे हे कानाला कळतं, आणि कळूनही अंगावर काटा येतो, कारण आवाजातला आत्मविश्वास खरा आहे.

ही कापाकापी लेखक विल्यम बरोज आणि चित्रकार ब्रायन गायसिन यांनी १९५९-६० च्या सुमारास कागदावर आणि मग टेपवर सुरू केली. बरोज मिनिस्ट्रीबरोबर काम करून गेला होता. १९९२ च्या ‘साम ६९’ अल्बममधल्या ‘जस्ट वन फिक्स’च्या व्हिडिओत तो आहे. त्याच अल्बमच्या पहिल्या गाण्यात थोरल्या बुश यांचा ‘नव्या जागतिक व्यवस्थे’चा उच्चार पुन्हा पुन्हा आदळतो. म्हणजे बापलेक दोघेही युर्गेन्सनच्या सॅम्पलरमधून गेले.

राष्ट्राध्यक्षांचा आवाज वापरायला परवानगी लागत नाही?

अमेरिकी कायद्यानुसार संघराज्य सरकारच्या अधिकाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून केलेल्या लिखाणाला आणि भाषणांना स्वामित्व हक्क लागू होत नाही. वाहिनीने केलेल्या चित्रीकरणाचा प्रश्न वेगळा असू शकतो. राजकीय विडंबनाला तिथे घटनेचं भक्कम संरक्षण आहे, आणि इतकं उघड विडंबन कोणी खरं भाषण म्हणून घेण्याची शक्यता नव्हती.

२००६ मध्ये वातावरण काय होतं? ते माहीत नसेल तर अल्बम कळेल का?

कळेल, पण अर्धा. म्हणून थोडक्यात.

सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर बुश यांची लोकप्रियता गॅलपच्या जनमत चाचणीत ९० टक्क्यांवर गेली होती. मार्च २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला. सद्दाम हुसेनकडे सामूहिक संहाराची शस्त्रं आहेत, हे त्याचं मुख्य कारण सांगितलं गेलं. १ मे २००३ रोजी बुश विमानवाहू जहाजावर उतरले आणि मोहीम फत्ते झाल्याच्या फलकाखाली त्यांनी भाषण केलं. शस्त्रांचे साठे सापडले नाहीत. एप्रिल २००४ मध्ये अबू घरैब तुरुंगातल्या छळाची छायाचित्रं जगाने पाहिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बुश पुन्हा निवडून आले. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्स बुडालं आणि सरकारची मदत कित्येक दिवस पोहोचली नाही. हा अल्बम दुकानात आला तोवर इराकमध्ये मेलेल्या अमेरिकी सैनिकांचा आकडा २,४०० च्या आसपास होता, इराकी मृतांची तर धड मोजदादही होत नव्हती. त्या आठवड्यात गॅलपने बुश यांची पसंती ३१ टक्के नोंदवली.

तेव्हा २००६ मध्ये बुशविरोधी बोलायला २००३ इतकी छाती लागत नव्हती, हेही मान्य करायला हवं. मार्च २००३ मध्ये डिक्सी चिक्स या कंट्री बँडच्या गायिकेने लंडनमध्ये बुशविरोधी एक वाक्य उच्चारलं, तर देशभरातल्या कंट्री रेडिओ केंद्रांनी त्यांची गाणी बंद केली होती. मिनिस्ट्रीने मात्र वारा कुठे वाहतो ते पाहून पवित्रा घेतलेला नाही. थोरल्या बुश यांच्या काळापासून युर्गेन्सन तेच म्हणत होता.

आपल्याकडच्या वाचकांना आणखी एक संदर्भ आठवेल. जुलै २००३ मध्ये इराकमध्ये सैन्य पाठवायची अमेरिकेची विनंती वाजपेयी सरकारने नाकारली. मार्च २००६ मध्ये हेच बुश दिल्लीत अणुकरारासाठी आले तेव्हा रस्त्यांवर निदर्शनं झाली होती. अल्बम त्यानंतर दोनच महिन्यांनी आला.

‘यलो केक’ हे कसलं नाव?

युरेनियमच्या खनिजावर प्रक्रिया केल्यावर जी पिवळसर भुकटी मिळते तिला यलो केक म्हणतात. तीच पुढे समृद्ध करून अणुभट्टीत किंवा बॉम्बमध्ये वापरता येते.

२८ जानेवारी २००३ च्या भाषणात बुश यांनी संसदेला सांगितलं की सद्दामने आफ्रिकेतून मोठ्या प्रमाणात युरेनियम मिळवण्याचा प्रयत्न केल्याचं ब्रिटिश सरकारला समजलं आहे. इंग्रजीत हे वाक्य सोळा शब्दांचं, म्हणून पुढे त्याला ‘सोळा शब्द’ असंच नाव पडलं. त्याआधी जवळजवळ वर्षभर, फेब्रुवारी २००२ मध्ये, जोसेफ विल्सन हे माजी राजदूत सीआयएच्या सांगण्यावरून आफ्रिकेतल्या नायजरला जाऊन आले होते आणि असा व्यवहार झाल्याचं त्यांना दिसलं नव्हतं. ७ मार्च २००३ रोजी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल बरादेई यांनी सुरक्षा परिषदेला सांगितलं की नायजरच्या व्यवहाराची कागदपत्रं खरी नाहीत. दोन आठवड्यांच्या आत युद्ध सुरू झालंच. जुलैमध्ये विल्सन यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला, सीआयएच्या संचालकांनी ते वाक्य भाषणात जायला नको होतं असं कबूल केलं, आणि आठवडाभरात विल्सन यांच्या पत्नी व्हॅलरी प्लेम सीआयएच्या गुप्त अधिकारी असल्याचं एका स्तंभलेखकाने छापलं. त्या प्रकरणाच्या चौकशीत खोटं बोलल्याबद्दल उपाध्यक्ष चेनी यांचे प्रमुख सहायक लुइस लिबी यांच्यावर ऑक्टोबर २००५ मध्ये आरोपपत्र दाखल झालं आणि २००७ मध्ये ते दोषी ठरले.

एवढी सगळी हकिगत गाण्यात सांगितलेली नाही, गाण्याला तितकी जागाच नसते. पण ही माहिती डोक्यात ठेवून ‘यलो केक’ ऐकलं की त्या घासून घासून येणाऱ्या रिफला आधार मिळतो. इथला राग कागदोपत्री सिद्ध झालेल्या गोष्टींवर उभा आहे.

‘लाइजलाइजलाइज’मध्ये ९/११ सरकारनेच घडवलं असं सुचवलं आहे. ते खरं मानायचं का?

नाही.

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि त्याला बगल देऊ नये असं मला मनापासून वाटतं. गाणं जबरदस्त आहे. अल्बममधला सर्वांत पकड घेणारा ठेका त्याचा आहे, आणि २००७ च्या ग्रॅमीत मेटल विभागात त्याला नामांकनही मिळालं होतं (पुरस्कार स्लेयरला गेला). पण ते ज्या दाव्यांवर उभं आहे ते त्या काळी इंटरनेटवर फिरणाऱ्या ‘लूज चेंज’ या चित्रफितीच्या वळणाचे आहेत: मनोरे आतून स्फोट घडवून पाडले, सरकारला सगळं माहीत होतं. यातलं काहीही टिकलेलं नाही. मनोऱ्यांच्या पडझडीचा वर्षानुवर्षं तांत्रिक अभ्यास झाला. विमानांच्या धडकेने पोलादावरचं अग्निरोधक आवरण उडालं, आगीने तापून मजले खचले आणि त्यांनी बाहेरचे खांब आत ओढले, हा त्यातून निघालेला निष्कर्ष.

आता ‘यलो केक’ आणि हे गाणं शेजारी ठेवा. एका गाण्यात सरकार पुराव्याशिवाय बोललं म्हणून संताप आहे. दुसऱ्यात गायक स्वतःच पुराव्याशिवाय बोलतो आहे, तितक्याच खात्रीने, तितक्याच मोठ्या आवाजात. दोन्ही गाणी ऐकताना अंगात येणारा जोर सारखाच असतो. त्या जोराला खरं-खोटं कळत नाही, ते काम आपल्यालाच करावं लागतं. राजकीय संगीत ऐकण्यातली खरी अवघड जागा मला ही वाटते आणि या अल्बमइतकी ती उघडी पडलेली मी दुसरीकडे फारशी पाहिलेली नाही. म्हणूनच हे गाणं वगळून अल्बम ऐकू नका. ऐका, मान हलवा, आणि दावे तपासा.

खोट्या कटाच्या गोष्टीचा एक मोठा तोटाही झाला. खोटं खरोखरच बोललं गेलं होतं, त्याचे कागद उपलब्ध होते. मनोऱ्यांत स्फोटकं शोधत बसलेल्यांमुळे त्या कागदांवरची चर्चा पातळ झाली आणि सत्ताधाऱ्यांना सगळ्याच टीकाकारांना एका टोपलीत टाकता आलं.

‘गँगरीन’मध्ये सैनिकांची खिल्ली उडवली आहे का?

मला तसं ऐकू येत नाही. त्यात कवायत घेणाऱ्या सार्जंटचं ओरडणं आहे, नव्या रिक्रूटला तोडून पुन्हा घडवण्याची ती भाषा आहे. निशाणा त्या घडणीवर आहे, ज्याची घडण होते त्या पोरावर नाही. ज्यांच्या घरात कोणी फौजेत आहे त्यांना ते ऐकायला जड जाईल, आणि ते साहजिक आहे. सहा मिनिटांचं गाणं, अंमळ लांबलंय.

बाकीच्या गाण्यांची ओळख?

‘सेन्योर पेलिग्रो’ म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘श्रीयुत धोका’. व्हेनेझुएलाचे ह्यूगो चावेझ तेव्हा बुश यांना याच अर्थाच्या इंग्रजी नावाने हिणवत. ‘फिअर’ भीतीच्या धंद्यावर आहे. तेव्हा अमेरिकेत दहशतीच्या धोक्याची पातळी रंगांत जाहीर व्हायची, कधी पिवळा, कधी नारिंगी. ते माहीत असलं की गाणं चटकन उघडतं. ‘द ग्रेट सेटन’, म्हणजे ‘महासैतान’, हा १९७९ मध्ये इराणच्या खोमेनी यांनी अमेरिकेला दिलेला शब्द, इथे तो अमेरिकनाच्या तोंडी आहे. ‘पॅलेस्टिना’ छोटं आणि वेगवान. ‘अ‍ॅस क्लाउन’मध्ये डेड केनेडीज या पंक बँडचा जुना गायक जेलो बियाफ्रा येतो. तो आणि मिनिस्ट्रीची मंडळी ‘लार्ड’ या नावाने आधीही एकत्र वाजवत होती. त्याच्या कापऱ्या, तिरकस आवाजाने युर्गेन्सनच्या एकसुरी गर्जनेला चांगला उतारा मिळतो.

‘खैबर पास’ इतरांपेक्षा इतकं वेगळं का वाटतं?

कारण ते धावत नाही. साडेसात मिनिटं ते एका जड, डुलत्या चालीवर चालतं आणि त्यावर लिझ कॉन्स्टंटाइनचा आवाज लांब ताना घेत राहतो. आतापर्यंत पन्नास मिनिटांच्या अल्बममधली चाळीसेक मिनिटं आपण मार खाल्लेला असतो, त्यानंतर हा विस्तार येतो. प्रश्न साधा आहे: बिन लादेन कुठे आहे? ज्याच्या नावाने सगळं सुरू झालं तो सापडत नाही आणि सैन्य भलत्याच देशात आहे.

इतिहासाच्या पुस्तकात खैबर खिंड वाचलेल्या आपल्या कानाला ते नाव ओळखीचं वाटतं. पूर्वेच्या गूढतेसाठी बाईचा आलाप वापरण्याची पाश्चात्त्य सवय इथेही आहे, आणि रागदारी ऐकणाऱ्याला ती थोडी खटकेल. मला खटकते. तरीही अल्बममधलं सर्वांत टिकाऊ गाणं हेच आहे. बिन लादेन अखेर खैबर पख्तुनख्वा प्रांतातच, अबोटाबाद या लष्करी शहरात मारला गेला. तारीख २ मे २०११. अल्बमला त्या दिवशी बरोबर पाच वर्षं झाली होती.

‘द हर्ट लॉकर’ या कॅथरिन बिगेलोच्या इराक युद्धावरच्या चित्रपटात या अल्बममधली गाणी आहेत, ‘खैबर पास’सुद्धा. बॉम्ब निकामी करणाऱ्या सैनिकाच्या गोष्टीला युद्धविरोधी बँडचं संगीत! अनेकांनी मिनिस्ट्रीचं नाव पहिल्यांदा तिथेच वाचलं.

अशा संगीताचा वापर कैद्यांच्या छळासाठी झाला, हे खरं आहे?

खरं आहे. मेटलच्या कोणत्याही चाहत्याने या बाबीपासून नजर चोरू नये.

इराक, अफगाणिस्तान आणि ग्वांतानामोच्या अमेरिकी लष्करी तुरुंगात कैद्यांना झोपू न देण्यासाठी, त्यांचा तोल ढळवण्यासाठी तासनतास, कधी दिवसचे दिवस कर्कश आवाजात गाणी लावली जात. कैद्यांनी सुटल्यावर ते सांगितलं. त्यात मेटल होतं, रॅप होतं, लहान मुलांच्या कार्यक्रमांतली गाणीही होती. डिसेंबर २००८ मध्ये ब्रिटनमधल्या रिप्रीव्ह या संस्थेने याविरुद्ध ‘झीरो डीबी’ ही मोहीम काढली. पुढच्या वर्षी पर्ल जॅम, आर.ई.एम. आणि नाइन इंच नेल्सचा ट्रेंट रेझ्नर यांच्यासह अनेक संगीतकारांनी या वापराची सरकारी कागदपत्रं खुली करा अशी मागणी केली.

स्किनी पपी हा कॅनडाचा इंडस्ट्रियल बँड. त्यांचा १९८९ चा ‘रेबीज’ अल्बम करण्यात युर्गेन्सनचा मोठा हात होता. आपलं संगीत ग्वांतानामोत वापरलं गेल्याचं कळल्यावर २०१४ मध्ये या बँडने अमेरिकी सरकारला ६,६६,००० डॉलरचं बिल धाडल्याचं जाहीर केलं.

याचा ऐकण्याशी थेट संबंध आहे. आपण हा गोंगाट आपल्या मर्जीने लावतो, बंद करायचं बटण आपल्या हातात असतं. तेच पन्नास मिनिटांचं संगीत, बटण दुसऱ्याच्या हातात गेलं की शस्त्र होतं. ‘रिओ ग्रांदे ब्लड’ सत्तेबद्दल बोलतो आणि तो ज्या आवाजात बोलतो तो आवाज सत्तेने तेव्हाच, त्याच युद्धात कैद्यांवर वापरला. हे माहीत झाल्यापासून मला हा अल्बम पार्श्वसंगीत म्हणून लावता येत नाही.

इराकी लोकांचं काय? त्यांचा आवाज या अल्बममध्ये कुठे आहे?

जवळजवळ नाही, आणि ही मोठी उणीव आहे. अमेरिकन माणूस अमेरिकन राष्ट्राध्यक्षावर चिडलेला आहे. इराक त्या भांडणाचं मैदान म्हणून येतो.

म्हणून या अल्बमबरोबर अक्रासिकौडा ऐका. हा बगदादचा मेटल बँड सद्दामच्या काळातच सुरू झाला. तेव्हा कार्यक्रमाची परवानगी मिळावी म्हणून त्यांना सद्दामच्या स्तुतीचं गाणं करावं लागलं होतं. युद्ध आलं आणि त्यांची तालमीची जागा बॉम्बने उद्ध्वस्त झाली. मेटलचे टी-शर्ट, लांब केस यावरून धमक्या येत. मग सीरिया, तिथून तुर्कस्तान, आणि २००९ मध्ये अमेरिका. २००७ चा ‘हेवी मेटल इन बगदाद’ हा माहितीपट त्यांच्यावरच आहे. जनरेटरच्या भरवशावर, बाहेर गोळीबार चालू असताना केलेली मेटलची मैफल त्यात दिसते.

बोल कळत नाहीत. आधी वाचावेत का?

पहिल्यांदा वाचू नका. ओरडण्यातले चार-दोन शब्द कानावर पडतील तेवढे पुरेत. दुसऱ्यांदा बोल समोर ठेवून ऐका. युर्गेन्सन मोठा कवी नाही हे तेव्हा लक्षात येईल, घोषणेच्या पलीकडे तो क्वचित जातो. त्याची बुद्धी कापण्या-जोडण्यात आहे, ओळी लिहिण्यात नाही.

आवाज किती ठेवावा? हेडफोन की स्पीकर?

मोठा ठेवावा, पण कान आयुष्यभर पुरवायचे आहेत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगते. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा नियम असा: ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मी. म्हणजे ९४ डेसिबलला एक तास. त्या पातळीवर हा अल्बम एकदा वाजला की दिवसाचा कोटा जवळपास संपला. १०० डेसिबलला तर पंधराच मिनिटं. फोनवर डेसिबल मोजणारी अ‍ॅप्स मिळतात. अगदी अचूक नसली तरी अंदाज येतो. ऐकल्यावर कानात गुंईं आवाज राहिला तर आवाज जास्त होता, एवढं समजावं.

या अल्बमचं मिश्रण दाटीवाटीचं आहे, कमी आवाजाचे भाग जवळपास नाहीतच, त्यामुळे थकवा लवकर येतो. सुटी सॅम्पल्स आणि भाषणांचे सांधे ऐकायला बंद हेडफोन चांगले. पण निदान एकदा तरी स्पीकरवर ऐका, कारण खालचा बास छातीत लागायला हवा. चाळीत किंवा पातळ भिंतींच्या इमारतीत राहत असाल तर दुपारची वेळ निवडा. इक्वलायझरवर बास वाढवण्याचा मोह टाळा, नाहीतर बोल उरलेसुरलेही बुडतील.

घरात मुलं आहेत. चालेल का?

शिव्या आहेत, हिंसेचे उल्लेख आहेत. लहान मुलांसमोर नको. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने विचारलं तर त्याच्याबरोबर बसून ऐका आणि ‘लाइजलाइजलाइज’वर जरूर बोला, कटाच्या चित्रफिती त्याच्या फोनवर तशाही येत असतात.

बुश यांनी २००९ मध्ये पद सोडलं. आता हे ऐकून काय मिळणार?

काही भाग जुना झाला आहे. नावं आणि विनोद शिळे होतात, ते या प्रकारच्या गाण्यांच्या नशिबीच आहे. पण सत्ताधाऱ्याचाच आवाज कापून त्याच्याकडून कबुली वदवण्याची ती पहिली मिनिटं आज जास्त अस्वस्थ करतात. तेव्हा त्यासाठी भाषणांचा ढीग, चिकाटी आणि कान लागत; सांधे ऐकू येत. आज कोणाच्याही आवाजात काहीही बोलवून घेणारी यंत्रणा फोनमध्ये आहे आणि तिला सांधा नसतो. ज्याला सांधे ऐकायची सवय करायची आहे त्याच्यासाठी हा अल्बम उत्तम शिकवणी आहे.

मिनिस्ट्रीने स्वतः २०१८ मध्ये ट्रम्प यांच्यावर अल्बम काढला. तिथेही सुरुवातीला राष्ट्राध्यक्षांचा आवाज आहे, पण ओढून मंद केलेला. मला त्यात २००६ ची धार जाणवली नाही.

बुश यांची धोरणं मला पटत होती. मी ऐकावं का?

ऐकावं. अल्बम तुमची समजूत घालणार नाही, तसा प्रयत्नही करणार नाही. ‘यलो केक’ आणि ‘फिअर’पासून सुरुवात करा, कारण त्यांतले आक्षेप तथ्यांवर तपासता येतात. पटलं नाही तरी रिफ तुमचेच.

यानंतर काय?

मागे जायचं असेल तर मिनिस्ट्रीचाच ‘साम ६९’, म्हणजे थोरल्या बुश यांचा काळ आणि आखाती युद्ध. यंत्राची थंडी जास्त हवी असेल तर बर्मिंगहॅमच्या गॉडफ्लेशचा १९८९ चा ‘स्ट्रीटक्लीनर’. त्यात घोषणा नाही, पण मरणाऱ्या औद्योगिक शहराचं ओझं पुरेपूर आहे. बुश यांच्या काळाचंच दुसरं, शांत डोक्याने रचलेलं उत्तर हवं असेल तर नाइन इंच नेल्सचा २००७ चा ‘इयर झीरो’, ज्यात अमेरिकेचं हुकूमशाही भविष्य कल्पिलं आहे. आणि अक्रासिकौडाचा २०१५ चा ‘गिल्गामेश’ अवश्य घ्या. बगदाद सोडून गेलेल्या त्या मुलांनी तो परक्या देशात केला आणि विषय मात्र आपल्या मातीतल्या सर्वांत जुन्या काव्याचा निवडला.